डोस वाढवण्याआधी सावली

(जलशुद्धीकरण केंद्रांवरील ऑपरेटर आणि केमिस्ट यांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, एप्रिल-मे महिन्यातला तुमचा नेहमीचा अनुभव घेऊ. सकाळी सातला क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या (तुरटीनं गाळ गोळा करून खाली बसवणाऱ्या गोल टाकीच्या) बाहेरच्या पाण्यात ओटी (क्लोरीन असला की पिवळं होणारं ऑर्थोटोलिडीन) टाकलं की छान पिवळा रंग येतो. दुपारी दोनला त्याच जागी जेमतेम पिवळसर झाक. कच्चं पाणी तेच, तुरटी तेवढीच, क्लोरीनही तेवढाच चालू. ऑपरेटर रोटामीटर (क्लोरीनचा प्रवाह दाखवणारी मापनळी) वर करतो, कारण नळाला क्लोरीन कमी पडला तर जाब त्यालाच विचारला जाणार. रात्रपाळीला तो खाली करायचं राहून जातं, आणि पहाटे पाण्याला वास येतो म्हणून गावातून फोन सुरू होतात.

दुपारी नाहीसा झालेला हा क्लोरीन बराचसा ऊन घेऊन जातं. त्यात एकही जंतू मेलेला नसतो. आपण पैसे देऊन टोनर (क्लोरीन वायूची टनभराची टाकी) आणतो, जीव सांभाळून तो जोडतो आणि त्यातला काही हिस्सा रोज आकाशाखाली वाया घालवतो. मला आज एवढंच पटवायचं आहे की डोस वाढवण्याआधी पाण्यावर सावली करून बघा.

हे कसं घडतं ते थोडं समजून घेऊ, म्हणजे सावली कुठे करायची तेही आपोआप कळेल. क्लोरीन पाण्यात गेला की त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं आणि त्यातला काही भाग फुटून हायपोक्लोराइट होतो. सामू (पीएच) साडेसातच्या आसपास असला तर दोन्ही जवळजवळ निम्मे-निम्मे. जंतू मारण्यात आम्ल कितीतरी पुढे. उन्हाच्या बाबतीत मात्र हायपोक्लोराइट नाजूक. तो अतिनील किरण सगळ्यात जास्त शोषतो ते 292 नॅनोमीटरच्या आसपास, आणि जमिनीपर्यंत पोहोचणारे सूर्याचे अतिनील किरण साधारण तिथूनच सुरू होतात. आम्लाचा शिखरबिंदू 235 नॅनोमीटरला आहे. ते किरण वातावरणातच अडतात. म्हणून सामू जितका चढा, तितका उन्हात क्लोरीन लवकर जातो. दख्खनच्या काळ्या कातळावरून येणाऱ्या आपल्या अनेक नद्यांचा सामू आठच्या आसपास असतो. तुरटीनं तो थोडा उतरतो, पण फार नाही. तळपत्या उन्हात उथळ, नितळ पाण्यातला मोकळा (अमोनियाशी न जोडला गेलेला) क्लोरीन तासाभरात निम्म्याच्या खाली येऊ शकतो. शेवटी उरतं ते मुख्यतः क्लोराइड, शिवाय थोडं क्लोरेट. जंतूंना त्याची काहीच भीती नाही.

पाणी झाकायला हवं हे शहाणपण क्लोरीनपेक्षाही जुनं आहे. लंडनसाठी 1852 साली जो पाणीकायदा झाला, त्यानं सेंट पॉल कॅथीड्रलच्या पाच मैलांच्या आतले, गाळलेल्या पाण्याचे साठे झाकायला लावले. तेव्हा पाण्यात क्लोरीन टाकायची पद्धतच नव्हती. चिंता धुराच्या काजळीची आणि घाणीची होती. आपल्या मुंबईत मलबार हिलचं हँगिंग गार्डन ज्या जागेवर आहे, तिच्या खाली शहराला पाणी देणारा जलाशय आहे. बागेत फिरायला येणाऱ्या किती जणांना पायाखाली पिण्याचं पाणी आहे याचा पत्ता असतो, कुणास ठाऊक.

उन्हाचा आणि क्लोरीनचा संबंध जगासमोर ठळकपणे आला तो लॉस एंजेलिसमध्ये. तिथे शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी उघड्या जलाशयांत साठवलेलं असे. 2007 साली त्यात ब्रोमेट आढळलं. पाण्यात मुळातलं थोडं ब्रोमाइड होतं, त्यावर क्लोरीन आणि वरून कॅलिफोर्नियाचं ऊन. तिन्ही एकत्र आल्यावर ब्रोमेट तयार होत होतं. कर्करोगाच्या संशयामुळे अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. शहराला दोन जलाशयांचं पाणी सोडून द्यावं लागलं. मग 2008 मध्ये आयव्हनहो जलाशयावर सुमारे 4 लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले. पक्षी पाण्यावर उतरू नयेत म्हणून विमानतळांजवळच्या तळ्यांत असे चेंडू आधीपासून वापरत होते. तीच युक्ती इथे उन्हासाठी लावली. पुढे 2015 मध्ये मोठ्या लॉस एंजेलिस जलाशयावर 9 कोटी 60 लाख चेंडू पसरले. तेव्हा दुष्काळ होता, म्हणून बातम्यांत बाष्पीभवन थांबवणारे चेंडू एवढंच गाजलं. मूळ काम पाण्याच्या गुणवत्तेचं होतं. बाष्पीभवन वाचवायलाच कुणी असे चेंडू आणणार असेल, तर ते बनवायला किती पाणी लागतं याचा हिशेब आधी मांडावा.

आता आपल्याकडे येऊ. हे चेंडू मी आपल्या केंद्रांसाठी सुचवत नाही. क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या कडेला विअर, म्हणजे पाणी ओसंडून जाण्यासाठी खाचा असलेल्या पट्ट्या असतात. चेंडू तिथे जाऊन अडकतील किंवा लाँडरमध्ये, म्हणजे त्यापलीकडच्या पन्हळीत पडतील. आपली परिस्थितीही वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी फिल्टर हाऊसला छप्पर आहे, शुद्ध पाण्याच्या टाकीवर स्लॅब आहे, जलकुंभ बंद आहेत. ऊन लागतं ते प्रीक्लोरिनेशन केलेल्या, म्हणजे गाळण्याआधीच क्लोरीन घातलेल्या पाण्याला: एरिएटर (पाण्यात हवा मिसळण्याची जागा), चॅनेल, क्लॅरिफ्लॉक्युलेटर, तिथून फिल्टरकडे जाणारं उघडं पाणी. यातही फरक ओळखा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात किरण वरच्या थरातच अडतात. गाळ बसल्यावर पाणी नितळतं आणि ऊन खोलवर जातं. म्हणजे टाकीच्या मधल्या भागापेक्षा बाहेरच्या भागातलं, लाँडरमधलं आणि चॅनेलमधलं पाणी जास्त क्लोरीन गमावतं. सावली आधी तिथे हवी.

लाँडर आणि चॅनेल झाकणं सोपं आहे. काढता-घालता येतील अशा एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) फळ्या बसवा. क्लोरीन तर वाचतोच, शिवाय विअरवर चढणारं शेवाळही थांबतं. शेवाळानं विअरच्या खाचा बुजल्या की पाणी एका बाजूनं जास्त वाहतं आणि त्या बाजूनं गाळ फिल्टरवर जातो, हे तुम्ही रोज बघता. खराट्यानं विअर घासणाऱ्या माणसाचा जीव त्या कडेवर किती धोक्यात असतो, तेही बघता. माझ्या मते नुसत्या शेवाळासाठीसुद्धा हा खर्च करावा.

पूर्ण टाकीवर सावली करणं अवघड आहे, कारण वर गाळ ओढणाऱ्या यंत्राचा पूल फिरत असतो. त्याच्यापेक्षा उंच सांगाडा उभा करावा लागतो, आणि मोठ्या व्यासाच्या टाकीवर तो महाग पडतो. ट्यूब सेटलरच्या (तिरप्या नळ्यांत गाळ बसवणाऱ्या) चौकोनी टाक्यांवर मात्र शेडनेट लावणं आवाक्यातलं आहे. आपल्या शेतकऱ्यांनी ढोबळी मिरचीसाठी हजारो ठिकाणी अशी नेट उभी केली आहेत, त्यामुळे कारागीर तालुक्याच्या गावीही मिळतो. नेट घेताना 75 टक्क्यांची म्हणजे तेवढं ऊन अडवणारी घ्या, यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे याची खात्री करा, आणि धागा ओढला की उसवत जाणारी नको. वळवाच्या वादळात नेट फाटली तर तुकडे थेट ट्यूबमध्ये जातात. म्हणून तारा ताणून घ्या आणि मेच्या आधी प्रत्येक गाठ तपासा. सांगाड्यावर कबुतरं बसणार नाहीत अशी सोय पहिल्या दिवशीच करा. नाहीतर क्लोरीन वाचवायला गेलो आणि वरून विष्ठा पडू लागली, अशी गत व्हायची.

पण एक पैसाही खर्च करण्याआधी एक चाचणी करा. क्लॅरिफाइड पाणी दोन सारख्या स्टीलच्या पातेल्यांत घ्या. दोन्ही उन्हातच ठेवा, एकावर हातभर उंचीवर प्लायचा तुकडा धरा, म्हणजे हवा दोघांना सारखीच लागेल. काचेच्या बाटल्या वापरू नका. काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते आणि फरक खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. दर पंधरा मिनिटांनी दोन्हीतला मोकळा क्लोरीन मोजा, शक्यतो डीपीडीनं (क्लोरीन असला की गुलाबी रंग देणाऱ्या रसायनानं). ओटीनं मोजणार असाल तर रंग लगेच वाचा, कारण थांबलात तर क्लोरामाइनही (अमोनियाशी जोडलेला क्लोरीन) त्यात मिसळून मोजला जातो. सावलीतल्या पातेल्यातही क्लोरीन झपाट्यानं उतरला, तर तुमचा चोर ऊन नाही. पाण्यात अमोनिया, लोह, मँगनीज किंवा सेंद्रिय घाण आहे, आणि त्यावर शेडनेटचा काही उपयोग नाही. वरच्या बाजूला सांडपाणी कुठे मिसळतंय, ते शोधावं लागेल.

आणि सावली झाल्यावर डोस कमी करायला विसरू नका. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. सावलीमुळे क्लोरीन पाण्यात जास्त वेळ टिकतो, म्हणजे सेंद्रिय पदार्थांशी त्याची गाठही जास्त वेळ पडते. डोस तोच ठेवला तर ट्रायहॅलोमिथेन (या गाठीतून बनणारी घातक संयुगं) कमी होण्याऐवजी वाढतील. आठवडाभर रोज थोडा थोडा डोस उतरवा आणि फिल्टरच्या तोंडाशी क्लोरीन मोजत राहा. भारतीय मानक 10500 प्रमाणे नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. ती जबाबदारी पोस्टक्लोरिनेशननं, म्हणजे गाळल्यानंतर घातलेल्या क्लोरीननं उचलायची आहे. दिवस-रात्रीचा फरक मिटला की रोटामीटर एका जागी ठेवता येतो, आणि पहाटेच्या फोनचं एक कारण तरी संपतं.

लहान ग्रामपंचायतीतून आलेले जलसुरक्षक इथे आहेत, त्यांच्याकडे क्लॅरिफ्लॉक्युलेटर नाही. त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. तुमच्याकडे ऊन पाण्याला लागण्याआधी औषधालाच लागतं. हायपोक्लोराइटचे कॅन पंपघराच्या भिंतीला टेकून दिवसभर तापत असतात. उष्णता आणि प्रकाश दोन्हींनी त्याचं बळ घटतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ही घट कित्येक पटींनी वेगानं होते. कॅन आत, गार जागी, अंधारात ठेवा. जुना आधी वापरा, आणि कॅनवर आल्याची तारीख मार्करनं लिहा. टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) गोणी ओल लागणार नाही अशी फळीवर, तोंड घट्ट बांधून ठेवा. महिनाभर पडून राहिलेल्या पावडरीचा डोस नव्या पावडरीइतकाच धरू नका. शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन किती येतो ते मोजून ठरवा.