आधी पाला, मग खत

(बागप्रेमींच्या मासिक सभेतील व्याख्यान, थोडं संपादित करून)

पत्रिकेवर ‘घरच्या ओल्या कचऱ्याचं खत’ असा विषय छापलाय. त्यावर बोलणारच आहे, पण आधी पाल्याबद्दल बोलू द्या. ओला कचरा काय, घरात रोज आपोआप तयार होतो. घोडं अडतं ते सुक्या पाल्यापाशी. तो नसला की बादलीत खत होत नाही, लोणचं होतं. तेही नासकं.

खताची बादली सुरू करून महिन्याभरात बंद केली, अशांनी हात वर करा बघू. निम्मं सभागृह! उरलेले लाजताहेत.

माझंही तेच झालं होतं. रंगाच्या 20 लिटरच्या बादलीला भोकं पाडली आणि रोज मेथीची देठं, दुधीच्या साली, चहाचा चोथा भरत गेले. तीन आठवड्यांत बादलीतून काळं पाणी खाली गेलं आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले. म्हणाले, “ताई, गच्चीवर काही मेलंय का?”

पाला हवा हे तेव्हा कळलं. आमच्या आवारात झाड म्हणाल तर एक अशोक, तोही कंजूष. शेजारच्या सोसायटीत मात्र दोन जुने रेन ट्री. उन्हाळा लागता लागता अंगणात नुसता गालिचा पडतो. रोज सकाळी तो झाडायचा, कोपऱ्यात ढीग करायचा आणि काडी लावायची. 2016 च्या घनकचरा नियमांत उघड्यावर कचरा जाळायला बंदी होती, बागेतला पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवा असंही लिहिलं होतं. मी ते सेक्रेटरींना ऐकवलं. “लेखी अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो.” कमिटी भरणार दोन महिन्यांनी. तोवर झाडांनी पानं गाळायची थांबायचं का?

मग मी झाडणाऱ्या मावशींशी संधान बांधलं. त्या गोणी भरून ठेवायच्या, मी सहाला स्कूटर घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी वॉचमननं अडवलं. “गोणीत काय?” म्हटलं, पाला. “पाला कोन चोरतंय?” म्हणत त्यानं अख्खी गोणी रस्त्यावर उलटी केली. पानं, शेंगा, एक तुटका बॅडमिंटनचा फूल. तेवढ्यात सेक्रेटरी बनियनवर खाली आले आणि म्हणाले, “पाला सोसायटीची मालमत्ता आहे.” कालपर्यंत कचरा, आज मालमत्ता! आणि त्याच आठवड्यात त्यांच्या लॉनसाठी टेंपोभर विकतचं खत उतरलं. टेंपो उभा कुठे राहिला, तर जळक्या पाल्याच्या राखेवर. हे मी दर व्याख्यानात सांगते. अजून राग गेलेला नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता भराभर.

कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (म्हणजे कार्बन) आणि नत्र (म्हणजे नायट्रोजन) साधारण 30 ला 1 या प्रमाणात लागतात. भाजीच्या कचऱ्यात कर्ब नत्राच्या पंधरा-वीस पट, सुक्या पाल्यात पन्नास पटीच्याही पुढे. म्हणून एक वाटी ओलं टाकलं की वर दोन वाट्या चुरलेला पाला. विरजण म्हणून जुन्या खताची मूठ किंवा ताजं शेण. आठवड्यातून एकदा खालीवर करा. मूठभर घेऊन दाबा: हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. नाकात झोंबणारा वास आला तर नत्र जास्त, पाला घाला. सडक्या अंड्याचा आला तर हवा कमी, ढवळा. करड्या जाडसर अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या तुमचंच काम करताहेत. दोन-तीन महिन्यांत खत. बादली मोठ्या ढिगासारखी तापत नाही, त्यामुळे टोमॅटोचं बी मरत नाही. कुंडीत न लावलेले टोमॅटो उगवतील, उगवू द्या.

आच्छादन राहिलं! कुंडीतल्या मातीवर चार बोटं पाला पसरा. मे महिन्यात माझ्या कुंड्यांना दिवसाआड पाणी पुरतं. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं. पावसाळ्यात थर पातळ करा, खाली गोगलगायी बिऱ्हाड करतात. पाला नसेल तर रसवंतीवाल्याकडची चिपाडं वाळवून घ्या, नारळाची सोडणं कुंडीच्या तळाशी टाका. कोल्हापूरच्या श्रीपाद अ. दाभोळकरांचं नाव घ्यायचं होतं. मूळचा गणिताचा माणूस, पण प्रयोग परिवार उभा करून सामान्य लोकांना शेतीचे प्रयोग करायला लावले. त्यांच्यावर वेगळं बोलायला हवं.

घंटा वाजली. बाहेर चपलांपाशी विरजणाचा डबा ठेवलाय, प्रत्येकी एक मूठ. पिशव्या आणलेल्या नाहीत, रुमालात बांधा. शेजारी पाल्याची गोणीही आहे. कुठून आणली ते विचारू नका.