पाऊस शोधला, पावस सापडलं

पत्रिकेवर विषय छापलाय, 'सर्च इंजिनला नेमकं पान सापडतं कसं?' तिथवर येतोच, पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्यावी लागेल. अध्यक्षांनी हसू नये, त्यांना ती तोंडपाठ आहे.

आपण दोन शब्द टाकले की यंत्र इंटरनेट धुंडाळायला निघतं, असा समज आहे. निघत नाही. धुंडाळून कधीच झालेलं असतं. पानं आधीच वाचून, कुठला शब्द कुठल्या पानांवर आहे याची यादी तयार ठेवलेली असते. इंग्रजी पुस्तकांच्या शेवटी सूची असते ना, तीच. मराठी पुस्तकाच्या शेवटी काय असतं? प्रकाशकाच्या आगामी पुस्तकांची जाहिरात! (हशा) आठशे पानी चरित्र, त्यात आगरकर कुठे आलेत ते हवं असेल तर बसा पहिल्यापासून वाचत. एका प्रकाशकांना विचारलं, तर म्हणाले, "सूचीने फॉर्मा वाढतो हो." म्हटलं, मग दोनातली एक प्रस्तावना काढा. तेव्हापासून ते मला भेटकार्ड पाठवत नाहीत.

दुसरं उदाहरण एका संस्थेचं. जुने अंक मोठ्या हौसेने वेबसाइटवर चढवले, पण युनिकोडपूर्व फॉन्टात, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणारी युनिकोड ही पद्धत येण्याआधीच्या. डोळ्यांना मराठी दिसतं, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो, एवढंच. यंत्र मुखवटा बघत नाही, त्यामुळे त्या अंकांतला एकही मराठी शब्द यादीत जात नाही. चिटणीसांना हे सांगितलं. त्यांनी पान मोठं करून दाखवलं. "अहो, स्वच्छ दिसतंय की!"

आणि समजा, युनिकोडात आहे. तरी आपली भाषा सरळ थोडीच आहे? 'विहीर' शोधताना 'विहिरीत' असलेलं पानही सापडावं, म्हणून शब्दांचे प्रत्यय छाटावे लागतात. मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटायचे नियम मांडले, ते जगभर चालले. मराठीत नुसतं छाटून भागत नाही, मूळ शब्दच बदलतो. 'विहिरीत'मधला 'त' काढला तर उरतं 'विहिरी', 'विहीर' नव्हे. 'पावसात'चं 'आत' हे शेपूट छाटलं तर 'पाऊस' नव्हे, उरतं 'पावस'. म्हणजे विचारायचं भिजण्याबद्दल आणि पोचायचं रत्नागिरीजवळच्या पावस गावी, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी. पुण्य लागेल, उत्तर मिळणार नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय आता पळत पळत.

यादीतून हजारो पानं निघतात, पैकी वर कुठलं? केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दाखवलं की शब्द जितक्या कमी पानांवर, तितकं त्याचं वजन जास्त. 'आंबील कृती' टाकलंत तर 'कृती' ढीगभर पानांवर असते, निवड 'आंबील' करते. या बाईंचं नाव खरं तर शाळेत शिकवायला हवं, असो. पुढे १९९० च्या दशकात लंडनमध्ये स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी बीएम२५ हे सूत्र बसवलं. शब्द पानात पुन्हा पुन्हा आला तर गुण वाढतात, पण दर खेपेला कमी कमी. शिवाय पानाची लांबीही जमेस धरतात. म्हणून एकच शब्द शंभरदा घोटून फारसं हाती लागत नाही. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या पेज आणि ब्रिन यांनी, म्हणजे गूगलच्या संस्थापकांनी, विचारलं, या पानाकडे बोट कोण दाखवतंय, आणि बोट दाखवणाऱ्याची स्वतःची पत किती?

राहिला प्रश्न, शब्द जुळत नसताना संबंधित पान कसं येतं? 'गुडघेदुखी' विचारलं आणि 'संधिवात' आलं. सारख्या संगतीत येणाऱ्या शब्दांना यंत्र जवळजवळचे आकडे देतं. २०१३ मध्ये गूगलमधल्या मिकोलोव्ह प्रभृतींनी हे झपाट्याने करून दाखवलं. २०१९ पासून गूगलने शोधात बर्ट नावाचं भाषेचं मॉडेल आणलं, ते शब्दाच्या दोन्ही बाजूंचं वाक्य बघून अर्थ लावतं. पण असलं जड यंत्र एकेका प्रश्नासाठी अब्जावधी पानांवर चालवणं परवडत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी आधी स्वस्तातली चाळण लावून काहीशे पानं काढतात आणि तेवढ्यांचाच क्रम ते नव्याने लावतं. त्या चाळणीत शब्दांची जुनी यादी आजही असते. प्रश्न चहानंतर घेऊ.