दिमोनातला मलिदा

इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील दिमोना या गावी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात आज मलिद्याची, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी करायच्या गोड पोह्यांची, तयारी चालली आहे, कारण महिन्याभराच्या मुलीचे नाव ठेवायचे आहे. तिच्या आईने परातीत पोहे घेतले आहेत आणि फोन कानाला लावून ती आपल्या आजीला विचारते, “आजी, पोहे किती वेळ भिजवू?” पलीकडून उत्तर येते, “भिजवायचे नाहीत गो, नुसते धुवायचे नि निथळत ठेवायचे.” या तरुण आईला ‘निथळत’ हा शब्द ठाऊक नाही, आणि तो हिब्रूत समजावून सांगताना आजीची थोडी तारांबळ उडते.

हे घर बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे त्यांची परंपरा सांगते. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर ही आडनावे त्यांनी गावांवरूनच घेतली. 1948 नंतरच्या दशकांत त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली.

तिथे स्वयंपाक फारसा बदलला नाही. धर्मनियमानुसार मांसाबरोबर दूधदुभते वर्ज्य असल्यामुळे मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध घालायची त्यांची रीत होती, आणि कोकणात राहणाऱ्याला हा नियम जड गेला नसावा. सणांची जुनी नावेही जेवणाशीच जोडलेली आहेत: ‘खिरीचा सण’, किंवा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा ‘बिरड्याचा रोजा’. बिरडे या शब्दाला हिब्रूत प्रतिशब्द नाही, म्हणून तो घराघरांत टिकला.

भाषेचे मात्र वेगळे झाले. 1874 साली पुण्यात छापलेल्या हगादात, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे आणि चित्रांत लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. हिब्रू समजावी म्हणून तेव्हा मराठी लागत असे. आज त्याच पोथीतले मराठी वाचायला या घरातील तरुणांना हिब्रूचा आधार घ्यावा लागेल. आजीच्या पिढीने मुलांशी मराठी बोलणे सोडले, त्यालाही कारण होते. इस्रायलमध्ये विवाहनोंदणीच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली जात होती आणि त्याविरुद्ध त्यांना धरणे धरावे लागले. 1964 साली तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचे जाहीर केले. असा पुरावा मागितला जात असताना मुलांना अस्खलित हिब्रू यावी, एवढीच आईबापांची इच्छा असणार.

नातीला त्या भाषेची गरज भासली ती मूल झाल्यावर. झोपवताना तिच्या तोंडी आपसूक ‘बाळा’ आले, आणि त्यापुढचे शब्द आपल्याकडे नाहीत, हे तिच्या लक्षात आले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती आजीला फोन करते आणि पाककृतीच्या निमित्ताने क्रियापदे गोळा करते: खोवणे, कालवणे, परतणे.

आता परातीत पोह्यांवर खोवलेले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा पडतो. भोवती फळे आणि खजूर मांडले जातात. ज्यांच्या नावाने हा मलिदा केला जातो, ते एलियाहू हानाबी, म्हणजे एलिया संदेष्टा. ते अलिबागजवळच्या खंडाळा गावी अवतरले आणि तेथील खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. दिमोनातून तो खडक फार दूर आहे. पण प्रार्थनेत त्यांचे नाव येताच घरातील म्हातारी माणसे सावरून बसतात.

प्रार्थना संपते, मुलीचे नाव पुकारले जाते आणि वाट्या फिरू लागतात. मुलीची आई पुन्हा फोन लावते. “आजी, मलिदा झाली.”

“झाला म्हण गो. मलिदा झाला.”

“झाला,” ती म्हणते, आणि मांडीवरच्या मुलीकडे बघत तेवढाच शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहते.