एक पॉइंट पुरे होता

[दृश्य: सॉल्ट लेक स्टेडियमकडे जाणारा रस्ता. हिरवे-मरून झेंडे. गर्दी.]

मुंबई सिटीची मोहन बागानशी फुटबॉल मॅच सोमवारची, आणि तीही कोलकात्यात. सीएसएमटीहून गीतांजली पकडली तरी हावड्याला पोचायला तीस तास लागतात. विमानाने जायचं तर खिशाला चाट. वर दोन दिवसांची रजा, आणि रजा कशासाठी हवी हे साहेबाला सांगायची पंचाईत. फुटबॉलसाठी? मुंबईत? आयपीएल चालू असताना?

15 एप्रिल 2024. ज्यांना जमलं ते गेले. बाकीचे मुंबईतच कुठल्या ना कुठल्या पडद्यासमोर बसले.

हिशोब अगदी सरळ होता. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) 22 पैकी 21 मॅच झालेल्या. जिंकलं की तीन पॉइंट, बरोबरी झाली की एक. मुंबई सिटीचे 47 पॉइंट, मोहन बागानचे 45. शेवटच्या मॅचला हेच दोघे समोरासमोर. मुंबईने नुसती बरोबरी साधली असती तरी लीग शील्ड, म्हणजे तक्त्यात पहिल्या येणाऱ्या टीमची ट्रॉफी, अंधेरीला आलं असतं, तेही सलग दुसऱ्या वर्षी. 21 मॅचमध्ये हरलेल्या फक्त दोन. आणि आयएसएलमध्ये मोहन बागानने मुंबईला तोवर एकदाही हरवलेलं नव्हतं.

म्हणजे काळजीचं कारण काही नव्हतं. काळजी वाटत होती ती त्यामुळेच.

[दृश्य: स्टेडियमच्या आतून, वरच्या स्टँडमधून मैदान.]

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात मॅच पाहणाऱ्याला सॉल्ट लेक पहिल्यांदा अंगावर येतं. आपल्याकडे सात-आठ हजारांत स्टेडियम भरतं. पहिल्या रांगेतून कोपऱ्यावरच्या खेळाडूला नावाने हाक मारली तर ती त्याला ऐकू जाते. इथे स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते जर्सीच्या रंगावरून ताडायचं. त्या रात्री आत साठ हजारांवर माणूस होता. आदल्याच दिवशी बंगाली नवं वर्ष लागलेलं, त्यामुळे सणाची हवा अजून उतरली नव्हती.

अशा ठिकाणी बाहेरगावच्या टीमच्या पाठीराख्यांना एका कोपऱ्यात बसवतात. भोवती पोलीस. ढोल तुमच्याकडेही असतो, पण तो फक्त तुम्हालाच ऐकू येतो.

28व्या मिनिटाला लिस्टन कोलासोने गोल केला. दिमित्री पेट्राटोसने पास दिला, लिस्टन डावीकडून आत वळला आणि बॉल लांबच्या कोपऱ्यात. लिस्टन आपल्या शेजारचा, गोव्याचा पोरगा. डावीकडून आत वळून मारायची त्याची सवय आयएसएल पाहणाऱ्या शाळकरी मुलालाही माहीत. माहीत असून अडवता येत नाही, तेव्हाच त्याला हुन्नर म्हणतात.

1–0. अजूनही एकच गोल हवा होता. तासभर हातात होता.

[दृश्य: स्कोअरबोर्ड. मिनिटं पुढे सरकतात.]

80व्या मिनिटाला पुन्हा पेट्राटोसचा पास, या वेळी जेसन कमिंग्जला. 2–0. मग 89व्या मिनिटाला मुंबईच्या लालियनझुआला छांगतेने एक फेडला, आणि शेवटी शेवटी मोहन बागानचा ब्रेंडन हॅमिल लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. दहा जण समोर, एक गोल हवा, घड्याळ संपत आलेलं. पडद्यासमोरची माणसं अशा वेळी खुर्चीवरून उठतात ती परत बसत नाहीत.

शिट्टी वाजली. मोहन बागान 48, मुंबई सिटी 47.

एका पॉइंटने शील्ड गेलं. त्याच्यासोबत आशियाई स्पर्धेतली जागाही गेली.

मोहन बागान जिंकलं की कोलकात्यात कोळंबी शिजते, ईस्ट बंगाल जिंकलं की हिल्सा. त्या रात्री कोळंबीचं काय झालं असेल ते सांगायला नको. मुंबईत मात्र फारसं काही हललं नाही. आदल्या रात्री वानखेडेवर रोहित शर्माने नाबाद 105 काढूनही मुंबई इंडियन्स चेन्नईकडून हरली होती. शहराचं दुःख तिथेच खर्ची पडलेलं. आणि ज्या संध्याकाळी शील्ड गेलं, त्याच संध्याकाळी बंगळुरूत हैदराबादने 287 धावा कुटल्या. मंगळवारी सकाळी लोकलमध्ये कोण कशाबद्दल बोलत असणार ते उघड आहे. फुटबॉलवाल्याला मुंबईत हरण्याचं दुःखही कोपऱ्यात उभं राहूनच करावं लागतं.

पण त्या कोपऱ्यात वाद काय रंगतो म्हणता!

पहिला गट म्हणतो, सगळा घोळ त्या एका पॉइंटने केला. जिंकलंच पाहिजे म्हटलं असतं तर पोरं मोकळी खेळली असती. बरोबरी चालेल म्हटलं की पाय ना पुढे पडतो ना मागे.

दुसरा गट कोच पेत्र क्रात्कीच्या बाजूचा. आधीचे कोच डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये, सीझन चालू असतानाच, इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले. या माणसाने डिसेंबरात येऊन गाडी रुळावर ठेवली. 22 मॅचमध्ये तीन पराभव, त्यावर शिव्या घालायच्या?

तिसरा गट जानेवारीचं नाव काढतो. मुंबईचा ग्रेग स्टुअर्ट क्लब सोडून गेला तो महिना. डिसेंबरात अंधेरीला मोहन बागानला 2–1 हरवलं, त्यात एक गोल स्टुअर्टचा होता. त्याच मॅचमध्ये दोन्ही टीमचे मिळून सात जण लाल कार्ड घेऊन गेले; मुंबईच्या चौघांत स्टुअर्टही होताच. भांडखोर, पण बंद दाराची किल्ली त्याच्या पायात होती. तो कोलकात्यात असता तर...

हे ‘असता तर’ सुरू झालं की चहाचा दुसरा राउंड सांगायचा.

आमचं मत विचाराल तर पहिल्या गटाचं पारडं जड आहे, आणि त्याला पुरावा मुंबई सिटीच्याच इतिहासात आहे. 28 फेब्रुवारी 2021, गोव्यात बांबोळीचं मैदान. कोविडचा सीझन, स्टँड रिकामे. शेवटची मॅच, टीम याच दोन. मोहन बागान तेव्हा एटीके मोहन बागान म्हणून खेळत होतं. त्या दिवशी बरोबरी पुरेशी होती ती त्यांना. मुंबईला जिंकणं भाग होतं. मुर्तदा फॉलने सातव्याच मिनिटाला गोल केला, बार्थोलोम्यू ओग्बेचेने दुसरा, आणि मुंबई 2–0 जिंकली. दोघांचे पॉइंट सारखे, 40–40. आपसातल्या मॅचच्या जोरावर शील्ड मुंबईला.

तीन वर्षांनी तोच डाव उलटला. फरक इतकाच की 2021 मध्ये बघायला कुणी नव्हतं, आणि 2024 मध्ये साठ हजार होते.

[दृश्य: कूपरेजचं मैदान, बाहेरून.]

तसं मोहन बागान मुंबईला नवं नाही. मुंबई सिटी 2014 ची. मोहन बागान 1889 चं. अनवाणी खेळून 1911 मध्ये ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला हरवणारं, आयएफए शील्ड जिंकणारं. 1891 मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप मुंबईचा, पण तो सर्वाधिक वेळा नेला मोहन बागाननेच. कूपरेजवर रोव्हर्स पाहिलेल्या पिढीतल्या कित्येकांना मुंबईत राहून बागानचंच वेड. त्यामुळे अंधेरीत आजही हिरव्या-मरून जर्सी दिसतात, आणि आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत की काय असं क्षणभर वाटून जातं.

आता कुणी म्हणेल, शील्डनंतर वरच्या टीममध्ये होणारा बाद फेरीचा कप तर पुढे जिंकला ना? जिंकला. सेमीफायनलमध्ये फातोर्ड्याला एफसी गोवा 2–0 ने पुढे, 90वं मिनिट लागलेलं, आणि तिथून मुंबईने तीन गोल ठोकले. परतीची मॅचही जिंकली. मग 4 मे ला फायनल. पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा मोहन बागान, पुन्हा साठ हजार. कमिंग्जने आधी गोल केला, तरी मुंबई 3–1. कप उचलला कॅप्टन राहुल भेकेने, मुंबईच्याच पोराने.

एकोणीस दिवसांत हिशोब चुकता? पाठीराख्यांत यावर अजून एकमत नाही. कप म्हणजे तीन-चार मॅचची झुंज. शील्ड म्हणजे 22 मॅच, पावसाळा संपल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतची हजेरी. गुवाहाटी, जमशेदपूर अशा ठिकाणी जाऊन मिळवलेला एकेक पॉइंट. कपाचा फोटो भिंतीवर लागतो, पण तक्त्यात 47 च्या वर 48 कायम.

[दृश्य: पुन्हा सॉल्ट लेक, नवा सीझन.]

त्या उन्हाळ्यात भेके आणि फायनलला गोल करणारा पेरेरा डियाझ बंगळुरूला गेले. मिडफिल्डचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला. आणि तो ग्रेग स्टुअर्ट? तोही मोहन बागानला.

13 सप्टेंबर 2024. नव्या सीझनची पहिलीच मॅच, मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी, त्याच मैदानावर. अर्ध्या तासाच्या आत मुंबई 2–0 ने मागे. पहिला तर मुंबईच्याच तिरीचा, स्वतःच्याच गोलमध्ये. मग त्याच तिरीने 70व्या मिनिटाला एक परत केला. आणि 90व्या मिनिटाला थाएर क्रूमाने दुसरा.

2–2. बरोबरी. पाच महिने उशिरा.