कापडाच्या तुकड्यांशी बोलताना

नमस्कार श्रोतेहो.

"मला चित्र काढता येत नाही हो," प्रौढांच्या कलावर्गात हे वाक्य हमखास ऐकू येतं. आफ्रिकी कापड घेऊन मिश्र माध्यमात काम करणारे सामुदायिक वर्ग मनाच्या स्वास्थ्यासाठी मला मोलाचे वाटतात ते यासाठीच. तिथे कोरा कागद अंगावर येत नाही. समोर रंगीत तुकड्यांचा ढीग असतो. त्यातले आवडतील ते निवडायचे, कापायचे, चिकटवायचे, वरून रंग द्यायचा, वाटलं तर टाका घालायचा.

आणि जोडणं हे तर या कापडांच्या रक्तातच आहे. घानातल्या केंटे कापडाचे विणकर अरुंद मागावर जेमतेम चार इंची पट्ट्या विणतात आणि काठाला काठ शिवून मोठं वस्त्र करतात. काँगोतल्या कुबा लोकांचं कापड राफिया पामच्या तंतूंचं. ते मऊ करण्यासाठी कुटताना भोकं पडतात. ती झाकणाऱ्या ठिगळांतूनच तिथली नक्षी फुलली, असं काही अभ्यासक मानतात. ठिगळाची नक्षी! मन थकलेल्या माणसाच्या हातात हे कापड देताना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

मालीतलं बोगोलान, म्हणजे चिखलानं रंगवलेलं कापड, मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतं. कापड आधी पानांच्या काढ्यात भिजवून पिवळं करतात आणि मग आंबवलेल्या, लोहयुक्त चिखलानं त्यावर आकृत्या काढतात. पानांतलं टॅनिन आणि चिखलातलं लोह एकत्र आलं की काळा रंग पक्का बसतो. यात घाई चालतच नाही. हात हळू चालू लागले की श्वासही हळू होतो.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास छोटाच, 39 प्रौढांचा. 45 मिनिटं कोलाज, माती किंवा रंगीत पेनांशी रमल्यावर त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. कलेचा पूर्वानुभव असण्यानसण्यानं फारसा फरक पडला नाही. अर्थात नैराश्यावर उपचार चालू असतील तर ते चालूच ठेवायचे. वर्ग त्यांच्या जोडीला.

वर्ग घेणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती. कापड कुणाचं आहे ते सांगा. बाजारात 'आफ्रिकी' म्हणून मिळणाऱ्या वॅक्स प्रिंट कापडाची पद्धत जावाच्या बाटिकवरून डच गिरण्यांनी उचलली. पश्चिम आफ्रिकेतल्या व्यापारी बायकांनी त्यातल्या नक्ष्यांना नावं देऊन ते कापड आपलंसं केलं. हेही सांगा. हातमागाचं जुनं वस्त्र मात्र कापू नका. कात्रीसाठी छापील सुती तुकडे पुरेसे आहेत.

घानातलं आदिंक्रा कापड भोपळ्याच्या सालीतून कोरलेल्या ठशांनी छापतात आणि त्याचं शोकाशी जुनं नातं आहे. वर्गात कुणी गेलेल्या माणसाचा सदरा घेऊन येईल आणि त्याचा तुकडा आपल्या कामात शिवेल. त्याला अर्थ विचारू नका. सुई ओवून द्या आणि शेजारी बसा.