उत्तर आलं पस्तीस

(दृश्य : हवेली तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. तिसरीचा वर्ग. फळ्यावर ५२ वजा २७.)

वहीत उत्तर आहे ३५. बाई लाल पेन उचलत नाहीत. पोराशेजारी खाली बसतात. "कसं केलंस रे?"

सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून मोठ्यातून लहान वजा केलं!

म्हणजे पोरानं अंदाजपंचे काही केलेलं नाही. त्याचा एक नियम आहे आणि तो सगळीकडं सारखाच लावतोय. त्याला "हातचा विसरलास" म्हणून काय उपयोग? हातचा येतो कुठून, हेच त्याला ठाऊक नाही. बाई दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवतात. म्हणतात, यातल्या सत्तावीस दे. सात सुट्या द्यायच्या तर एका गठ्ठ्याचं रबर काढावंच लागतं.

(दृश्य : जुने फोटो, मग एक जाड वही.)

डी.एड.नंतर बाई शिक्षणसेवक म्हणून लागल्या. तीन वर्षं मानधनावर, मग कायम. बदल्या, जनगणना, निवडणुकीची कामं, हे कुठल्याही गुरुजींना विचारा, तेच सांगतील. बाईंचं वेगळेपण या वहीत आहे. मुलांच्या चुका त्या तारखेसह उतरवून ठेवतात.

'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारी मुलं या वहीत पानोपानी भेटतात. मराठीत एकक आधी बोलतो, दशक मागून, लिहिताना उलटं. 'एकोणतीस'मध्ये तर कानावर तीस पडतात आणि लिहायचे असतात २ आणि ९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा विधानसभेपर्यंत थट्टा झाली. जुनी नावं काढलेली नाहीत, हे गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना सांगावं लागलं. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीच्या मुलांना कधी आकडे लिहायला घातले असतील, देव जाणे. बाईंच्या वर्गात दोन्ही पद्धती चालायच्या.

मग बढती. आधी मुख्याध्यापक, पुढं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या. आपल्याकडं चांगलं शिकवणाऱ्याला बक्षीस म्हणून वर्गाबाहेर काढतात. हाती येतो पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती आणि व्हॉट्सॲपवर रोजचं 'अतितातडीचे'. बाईंनी ते सगळं केलं, पण एक हट्ट धरला. शाळाभेटीत आधी मुलांच्या वह्या बघायच्या, शाळेचं कागदोपत्री दप्तर नंतर. आणि दुसऱ्याचा तास बघण्याआधी आपण एक तास घेऊन दाखवायचा.

केंद्रातले एक गुरुजी हसत सांगतात, "वाटलं, तपासायला आल्यात. अर्ध्या तासात त्यांचाच तास फसला. मग आम्ही पण बोलायला लागलो."

(दृश्य : केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक. सतरंजीवर वह्या.)

पूर्वी या परिषदेत परिपत्रकं वाचली जायची. ती आताही वाचतात, पण शेवटी. आधी प्रत्येकानं चुकलेल्या गणिताची एक वही मांडायची, मुलाचं नाव झाकून. "त्याचं लक्षच नसतं" हे वाक्य इथं चालत नाही. मुलानं काय विचार केला असेल, तेवढंच बोलायचं. तरुण शिक्षिका भराभर बोलतात. जुन्यांना जरा वेळ लागतो.

आज पाळी भागाकाराची आहे. ३१२ भागिले ३. समोरच्या बऱ्याच वह्यांत उत्तर आहे १४. बाई वही फिरवतात आणि विचारतात, "बोला, मधलं शून्य कुणी खाल्लं?"