पळायचं नाही, वाकायचं नाही

(दृश्य: कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो. संध्याकाळ. फुटपाथवर आजी-आजोबा, मागे डोंगर.)

ही वेळ बघा. ऑफिसवाले घरी येतायत, भारतातून आलेले आईबाबा जेवणाआधीची एक फेरी मारायला निघालेत, नातवंडं पुढे पळतायत, आणि त्याच वेळी मागच्या उतारावरून हरणं खाली येतायत, लोकांच्या अंगणातले गुलाब खायला. माउंटन लायन पण याच वेळी फिरतो कारण हरीण हेच त्याचं मुख्य खाणं.

नावात लायन असला तरी आयाळ नाही, डरकाळी त्याला फोडताच येत नाही. साधारण आपल्या बिबट्याएवढा, पण ठिपके नाहीत, मातकट रंग आणि लांबलचक शेपूट. शेपूट आखूड असेल तर तो बहुतेक बॉबकॅट, म्हणजे त्याहून बरंच लहान रानमांजर. जुन्नरच्या किंवा बोरिवलीच्या माणसाला असा शेजार नवीन नाही, पण तिकडे बिबट्या आहे हे पोराटोरांना पण माहीत असतं, इथे डोंगराला लागून घर घेतलं तरी कुणी सांगायला येत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये इथल्याच रँचो सॅन अँटोनियोच्या पायवाटेवर एका ६ वर्षांच्या मुलीवर माउंटन लायन झेपावला. सोबतच्या मोठ्या माणसाने त्याला जोरात ढकललं आणि तो पळाला, पोरगी किरकोळ जखमांवर वाचली. ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसजवळ कॅलाबासासला तर घराच्या अंगणात खेळणाऱ्या ५ वर्षांच्या मुलाला त्याने धरलं, आई धावत आली आणि नुसत्या हातांनी मारून तिने त्याला हुसकावलं.

असे हल्ले फार क्वचित होतात. पण दोन्हीकडे लहान मूल होतं, आणि मोठं माणूस मागे हटलं नाही म्हणून ते वाचलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून समोर आलाच तर पळायचं नाही. पळालात की तो पाठलाग करणार, मांजरच आहे शेवटी. पाठ दाखवायची नाही, त्याच्याकडे बघत राहायचं, हात वर, जॅकेट असेल तर दोन्ही बाजूंनी पसरायचं, मोठ्याने ओरडायचं, मराठीत ओरडलात तरी चालेल, आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. मूल सोबत असेल तर आधी ते उचलायचं, पण कंबरेत फार न वाकता, कारण वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा वाटतो. हे ऐकायला सोपं आहे पण ऐनवेळी सुचत नाही हो, त्यामुळे हॉलमध्ये दोनचारदा मुलांसोबत करून बघा, मी हाक मारली की पळायचं नाही, माझ्याजवळ येऊन उभं राहायचं. आणि अंगावर आलाच तर काठी, दगड, पाण्याची बाटली, जे हातात असेल त्याने मारायचं, मेल्यासारखं पडून राहायचं नाही.

(दृश्य: रात्रीचं अंगण.)

बाकी बरंच काही अंगणातच ठरतं. हरणांना खायला घालू नका, कितीही गोड दिसली तरी. कुत्रं-मांजर रात्री घरात, कोंबड्या-बकऱ्या असतील तर वरून पण बंद असलेल्या खुराड्यात. दाराजवळची दाट झुडपं छाटा.

आणि उंदरांचं विष. ग्रिफिथ पार्कमधला पी-२२ नावाचा माउंटन लायन आठवतो? दोन मोठे फ्रीवे ओलांडून आला आणि लॉस एंजेलिसच्या मधोमध दहा वर्षं राहिला. २०१४ मध्ये त्याला पकडलं तेव्हा अंगावर खरूज होती आणि रक्तात उंदीर मारायचं विष सापडलं. विष उंदराने खाल्लं, उंदीर दुसऱ्या कुणी खाल्ला, असं करत करत ते त्याच्यापर्यंत पोचतं. तेव्हा उंदीर झाले तर आधी भोकं बुजवा, सापळा लावा, ते विष मात्र घरात आणू नका प्लीज.